जाणाऱ्याने काट्या लावायच्या

अकोला

वऱ्हाडात जाऊन आले म्हटलं की आमच्या कराडात पहिला प्रश्न येतो, "ऊन फार असेल ना?" मी गेले पौषाच्या तोंडावर. सकाळी स्वेटर, त्यावर शाल, आणि तरी हातातला चहाचा कप सोडवत नव्हता. हे सांगितलं की लोक माझ्याकडे असं बघतात की बाई भलत्याच गावाला उतरली असावी. म्हणून हे लिहायला घेतलं. न गेलेल्यांना वऱ्हाडचं ऊन तेवढं माहीत असतं. बाकीचं मी सांगते.

बोलावणं तायडे सरांचं होतं. अकोल्याच्या एका कॉलेजात ते राज्यशास्त्र शिकवतात, वयाने माझ्या मुलाएवढे. मी नोकरीभर आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर कोणी ऐकायला तयार असेल तर पदरचं तिकीट काढून जाते. सकाळी सरांनी मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात फिरवून आणलं. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून हातगाडी आली की कोणीतरी कोणाच्या तरी ओट्यावर चढायचं. चढलेल्या माणसाला घरातले लोक "या, बसा" म्हणतात. आमच्याकडे "काय पाहिजे?" असं विचारतात.

दुपारी व्याख्यान. मुद्दा तसा सोपा आहे. गावाला सरपंच असतो, जिल्ह्याला कलेक्टर असतो, देशाला सरकार असतं. पण देशांच्या डोक्यावर कोण? कोणीच नाही. सगळ्या देशांना दम देईल असं सरकार नाही, वॉरंट घेऊन दारात येईल असा फौजदार नाही. आमच्या विषयात या स्थितीला अराजक म्हणतात. तरीही बहुतेक दिवस बहुतेक देश शेजाऱ्यांसारखे वागतात. एकमेकांच्या राजदूतांना हात लावत नाहीत, सीमा मानतात, दुसऱ्याच्या समुद्रातून जहाज निमूट नेतात, दिलेला शब्द पाळतात. म्हणजे ही नुसती गर्दी नाही, हा एक समाज आहे. हे सगळं मी चांगलं रंगवून सांगितलं आणि टाळ्याही मिळाल्या.

मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, रोज टीव्हीवर लढाया दिसून राहिल्या. नेम मोडणाऱ्याले कोणी काई करत नाई. मंग पाळणारे काहून पाळतात? येडे हायेत का ते?"

सभागृह हसलं, मीही हसले. मग मी हितसंबंध सांगितले, पत सांगितली, सवय सांगितली. पुस्तकात जे आहे ते सगळं सांगितलं. मुलगी शांतपणे ऐकून खाली बसली. तिला पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही माझं उत्तर जरा कोरडंच वाटलं होतं. पुढच्या सगळ्या प्रवासात तो प्रश्न पायात मोडलेल्या काट्यासारखा सलत राहिला.

दर्यापूरची जीप, अमरावतीचा वडा

अमरावतीला माझी मैत्रीण विजया न्यायला येणार होती. कोल्हापूरच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो, एकाच गॅसवर मॅगी आणि भांडणं शिजवली. लग्नानंतर ती शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या बागेत गेली आणि मी कराडात राहिले. एवढ्या वर्षांत तिचं घर मी पाहिलं नव्हतं, याचा ती दर दिवाळीला फोनवर उद्धार करायची.

दर्यापूरपर्यंत बस मिळाली, पुढची बस यायला वेळ होता. म्हणून मी जीपकडे वळले आणि पुढची रिकामी जागा पाहून ड्रायव्हरशेजारी बसले. मागे माणसं दाटीवाटीने बसली होती. जीप भरली तरी हलेना. ड्रायव्हर माझ्याकडे पाही, मग बाहेर पाही. शेवटी मागून एक पांढऱ्या टोपीचे आजोबा म्हणाले, "बाई, थे जागा गजाननभाऊची हाय. तो पुलाजोळ चढते."

"त्यांचं नाव लिहिलंय का इथे?" मी म्हटलं. माझा आवाज अशा वेळी उगाच वर्गातला होतो.

"नाव कायले लिहाचं?" आजोबा शांतपणे म्हणाले. "समद्याइले मालूम हाय."

मी मागे गेले. दोन बायकांनी सरकून मला जागा दिली, एकीने तर माझी पिशवी मांडीवर घेतली. पुलाजवळ गजाननभाऊ चढले. त्यांचा एक पाय अधू होता, काखेत कुबडी होती. त्यांची जागा कोणी ठरवली, कधी ठरवली, हे जीपमधल्या कोणालाच सांगता आलं नाही. मला मात्र उरलेला रस्ताभर कान गरम झाल्यासारखं वाटत होतं. दोन्ही बाजूंना काळी जमीन पसरली होती, कापसाची बोंडं फुटलेली, तुरी पिवळ्या फुलोऱ्यावर. इतकी सपाट जमीन पाहून आमच्या डोंगराकडच्या डोळ्यांना टेकायला जागा सापडत नाही.

अमरावतीत विजयाने आधी मिठी मारली आणि मग थेट गिला वड्याच्या गाडीवर नेलं. दही, चटणी, वर तिखट, आणि प्लेट एवढीशी. पहिल्याच घासाला अर्धं दही माझ्या साडीवर आलं. "वऱ्हाडानं तुले हळद लावली असं समज," विजया म्हणाली. केस पिकले तरी तिचं बोलणं जसंच्या तसं होतं.

शेंदूरजनाघाट

वरुडकडे जाताना सातपुडा हळूहळू वर येतो आणि कापूस मागे पडून संत्र्याच्या बागा सुरू होतात. झाडं पिवळ्या फळांनी लगडलेली होती, फांद्यांना बांबूचे टेकू लावलेले. आमच्याकडे ऊस उंच वाढतो आणि पलीकडचं काही दिसू देत नाही. इथे झाडाखालून पार टोकापर्यंत नजर जाते.

विजयाचे यजमान प्रकाशभाऊ कमी बोलणारे. "या ताई, जेवाले बसा," एवढं बोलून ते स्वतः वाढायला लागले. सोले-वांग्याची भाजी होती. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. ज्वारीची गरम भाकर आणि वर तेलाची धार. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं आणि मी आणखी एक भाकर मागितली.

संध्याकाळी बाग पाहायला निघालो. जवळच्या वाटेने जायचं म्हणून विजयाने एका शेताच्या कुंपणातली बाभळीची काटेरी फांदी पायाने बाजूला केली. आम्ही आत शिरलो. शिरल्यावर तिने वळून ती फांदी परत होती तशी लावली.

"अगं, याच वाटेने परत यायचंय ना?" मी म्हटलं. "राहू दे की."

"नाई. गेलं की काट्या लावाच्या. जानाऱ्यानंच लावाच्या, मालकानं नाई."

"का?"

"वावर त्याचं हाय, आपलं नाई, हे आपनच सांगाचं असते." आणि परत येताना तिने मलाच फांदी लावायला सांगितली. अंगठ्यात काटा गेला. विजयाने सुई आणून तो काढला आणि काढताना हसत होती.

बागेत तोडणी दुसऱ्या दिवशी सुरू होणार होती. व्यापाऱ्याने बाग घेतली होती, तोडणारी टोळी दोन दिवसांसाठी येणार, ट्रक डांबरी सडकेवर उभा राहणार. बागेतून सडकेपर्यंत माल न्यायचा ट्रॅक्टरने, पांदणीतून. पांदण म्हणजे दोन्ही बाजूंच्या शेतांमधून जाणारी मातीची वाट, सगळ्यांची सामाईक. फळं पुरती पिकली होती. वर्षभराची मेहनत या दोन दिवसांत सडकेला लागायची होती. विहिरीकडच्या झाडांवर मात्र फळं अजून हिरवी होती. तो मृगाचा बहार, तो फाल्गुनात निघतो, असं विजया म्हणाली.

बागेच्या पलीकडे मुरमाड, उंच जमीन होती. तिला इथे बरड म्हणतात. कडेने थोडा हरभरा, बाकी मोकळं, आणि तिची दुसरी बाजू थेट डांबरी सडकेला लागलेली. "हे कोणाचं?" मी विचारलं.

"शंकररावचं," विजया म्हणाली, आणि आवाज खाली आला. "आमचं त्याइचं बोलनं नाई."

कारण एक कडुनिंब. दोघांच्या मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तो उभा होता. प्रकाशभाऊंच्या वडिलांनी तो तोडला, तेव्हापासून दोन घरांत शब्द नाही. दोन्ही वडील आता नाहीत, निंबही नाही, अबोला तेवढा मागे राहिला. पण गंमत पुढेच आहे. शंकररावांची आई गेली तेव्हा प्रकाशभाऊंनी खांदा दिला. प्रकाशभाऊंची मोटर जळाली तेव्हा शंकररावांनी आपलं पाणी सोडलं, फक्त निरोप तिसऱ्याकडून पाठवला. एकमेकांची गुरं वावरात शिरली तर मारायची नाहीत, हाकलून नुसती परत लावायची. अबोल्याचेही नियम होते आणि ते दोघे काटेकोर पाळत होते. मी भांडखोर घराण्यातली आहे, त्यामुळे मला त्याचं मोल कळलं.

आभाळ

पहाटे कौलांवर आवाज झाला. पौषात पाऊस यायचं काही कारण नव्हतं, पण तो आला. उजाडेपर्यंत थांबला, आभाळ मात्र तसंच राहिलं, राखाडी आणि खाली आलेलं. आम्ही बागेत गेलो तर चपलेला एवढा गारा, म्हणजे चिखल, चिकटला की पाय उचलेना. काळी माती ओली झाली की माणसाला धरून ठेवते.

तोडणारी टोळी आली होती. कॅरेट भरत होते, पण भरलेली कॅरेटं बागेतच रचून ठेवत होते. ट्रॅक्टर पांदणीच्या तोंडाशी उभा. प्रकाशभाऊ त्याच्या चाकाला टेकून पांदणीकडे पाहत होते.

"भाऊजी, काढा की गाडी," मी म्हटलं. "फसेल थोडी, पण निघेल ना?"

"निंगन."

"मग?"

"ओल हाय. ओल असली की पांदणीत ट्रॅक्टर घालत नसतात ताई. चाकाच्या चाकोऱ्या पडतात, वाळल्या की दगडावानी होतात. मंग साल्लभर कोणाची बंडी चालत नाई." बंडी म्हणजे बैलगाडी.

"पण तुम्हाला अडवणार कोण आहे?"

प्रकाशभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. "कोनीच नाई."

"पूर्वी कोणी घातला नाही का?"

"घातला. एकानं." त्यांनी नाव घेतलं नाही. "निम्म्यात फसला. आमी समदे गेलो, दोर लावून ओढला बाहेर. पन कोनी त्याच्याशी बोललं नाई. शिवी नाई, कायी नाई. दुसऱ्या साली त्यानंच पांदणीत मुरूम टाकला आपल्या खर्चानं."

मला अकोल्याची मुलगी आठवली. नियम मोडणाऱ्याला कोणी काही करत नाही, असं ती म्हणाली होती. इथे तर त्याला ओढून बाहेर काढला होता. तरी त्याला तेवढा अबोला पुरला.

टोळीतल्या माणसांनी काही कॅरेटं डोक्यावर नेऊन पाहिली. पहिलाच माणूस घसरून बसला आणि संत्री चिखलात गडगडली. दुपारपर्यंत व्यापाऱ्याचा निरोप आला, की उद्या संध्याकाळी ट्रक जाईल, भरलेला असो की रिकामा. तोवर झाडाखालून आवाज येऊ लागला होता. टप. थोड्या वेळाने पुन्हा टप. पावसाने भिजलेलं पिकलं फळ देठ सोडतं. विजया पडलेली फळं उचलत होती, काही बोलत नव्हती, आणि बोलणारी विजया गप्प झालेली मला पाहवत नव्हती.

बरड जमिनीवर मात्र पाऊस पडला होता की नाही हे सुद्धा कळत नव्हतं. पाणी निथळून गेलं होतं. तिथून ट्रॅक्टर आरामात गेला असता.

दूत

"मी नाई जाऊ शकत," प्रकाशभाऊ म्हणाले. "म्या इचारलं आन त्यानं नाई म्हटलं, तं मंग कायमचंच तुटते. आता निदान तुटाचं बाकी हाय."

विजयाने माझ्याकडे पाहिलं. "शैला, तू जाय. तू पाव्हणी. पाव्हण्याले कोनी दारातून परत पाठवत नाई."

माझ्या विषयात दूताचं महत्त्व मोठं. राजे एकमेकांची डोकी उडवत पण दुसऱ्याच्या दूताला जेवू घालत, हे मी किती वर्गांना शिकवलं असेल. स्वतः दूत व्हायची वेळ पहिल्यांदाच आली आणि मी जरा फुशारलेच. पर्स खांद्याला अडकवली, हातात संत्र्यांची टोपली घेतली, आणि गाऱ्यातून चालत निघाले.

शंकरराव अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. धिप्पाड माणूस, गळ्याला मफलर. त्यांच्या बायकोने, सुमनबाईंनी, "या माय" म्हणून लगेच खुर्ची दिली आणि चहा टाकला. आधी कराडच्या उसाची चौकशी झाली. मग शंकरराव म्हणाले, "बोला. विजयाबाईनं पाठवलं ना?"

"नाही, मी आपली सहज..."

"सहज कोनी एवढ्या गाऱ्यातून येते का?" ते हसले, मग हसू थांबवून म्हणाले, "त्यानं सोता येऊन इचारलं असतं, तं जीभ झडली असती का त्याची?"

"तुम्ही हाक मारली असती, तर तुमची झडली असती का?" माझ्या तोंडून निघून गेलं.

आतून सुमनबाईंचं हसणं ऐकू आलं. शंकररावांनी शेंगा बाजूला सारल्या. "जाऊ द्या. लोकाची फळं सडवून मले का भेटनार हाय. काहाडा गाडी माह्या बरडातून."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी आमच्याकडची, जिथे सख्खे भाऊ बांधासाठी कोर्टात जातात आणि लिहून न घेतलेल्या शब्दाला कोणी विचारत नाही. मी पर्समधून पेन काढलं. "दोन ओळी लिहून देता का? प्रकाशभाऊंची सही मी आणते. म्हणजे पुढे दोघांनाही बोलायला जागा नको."

शंकररावांनी पेनाकडे पाहिलं.

"कागद?" शंकरराव म्हणाले. "बाई, उद्या थो कागद तहशिलीत गेला तं? शंकररावनंच लिहून देल्लं, अठून याइची वहिवाट हाय, असं होईन. माह्या पोराच्या वावरातून जन्मभराचा रस्ता निंगन." ते उभे राहिले. "नाई. जमत नाई. तुमी चहा घ्या."

चहा आला, कप भरून, साखर हात सैल सोडून घातलेली. मी पाहुणी होते आणि पाहुणी म्हणून काही कमी पडलं नाही. पण शंकरराव आत गेले ते परत बाहेर आले नाहीत.

विजयाने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "माय वं! कागद काहाडला तू? तोंडी देल्लं तं तो मान असते. कागदावर घेतलं का हक्क होते." प्रकाशभाऊ उठून बागेत गेले. त्यांचं ते उठून जाणं मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. होत आलेलं काम मी माझ्या पेनाने मोडलं होतं, आणि मागे टप, टप चालूच होतं.

रडत बसण्याचा माझा स्वभाव नाही, चिडण्याचा आहे. स्वतःवर चिडून मी एकटीच चालायला निघाले आणि कालच्या त्या कुंपणाशी येऊन उभी राहिले. बाभळीची फांदी मी लावली होती तशीच होती, जरा वाकडी. अंगठा अजून दुखत होता. तिथे उभं राहून डोक्यात काहीतरी जुळलं. देश एकमेकांना वाट देतात तेव्हा त्यांनाही हीच भीती असते. आज जाऊ दिलं तर उद्या हा आपलाच रस्ता म्हणेल. म्हणून करारात ते एक वाक्य आवर्जून घालतात, की यातून पायंडा पडणार नाही. ते वाक्य मी मुलांना फळ्यावर लिहून दिलेलं आहे. इथे तेच वाक्य माझ्यासमोर कुंपणात खोचलेलं होतं, फक्त शाईने लिहिलेलं नव्हतं.

दर खेपेला

सकाळी पुन्हा गेले. शंकररावांनी आधी माझ्या खांद्याकडे पाहिलं.

"पर्स घरी ठेवून आलेय," मी म्हटलं. "वावर तुमचं आहे, एवढं सांगायला आले."

"थे मले मालूम हाय."

"तुम्हाला माहीत आहे, पण ते आम्ही सांगायचं असतं. धुऱ्यावरची वाट आम्ही उघडू, आणि गाडी गेली की आम्हीच काट्या लावू. शेवटी एकदा नाही. दर खेपेला."

शंकररावांनी मला खुर्चीकडे हात केला. मग म्हणाले, "खाली गाडी परत येईन तवा?"

"तेव्हाही. रिकामी असली तरी उघडू, आणि लावू."

"दिवस जाईन तुमचा."

"जाऊ दे. माझा तसाही सुट्टीचा आहे."

"आता का शपथपत्र पायजे का तुमाले?" दारातून सुमनबाई नवऱ्याला म्हणाल्या.

शंकररावांनी मफलर नीट केला. "काहाडा मंग गाडी," ते म्हणाले.

मी गाऱ्यातून धावत गेले. माझ्या वयाच्या बाईने धावू नये हे बागेच्या तोंडाशी पडल्यावर कळलं. विजयाने मला उचललं आणि माझ्या तोंडाकडे पाहूनच ओरडली, "अहो, ट्रॅक्टर चालू करा!"

काट्या लावायचं काम मी मागून घेतलं. बाभळीच्या मोठ्या फांद्यांना दोर बांधला होता. ट्रॅक्टर आला की ओढून बाजूला करायच्या, गेला की परत आणून लावायच्या. पहिल्या दोन खेपांत साडी फाटली, तिसऱ्या खेपेत हाताला ओरखडे. प्रकाशभाऊ प्रत्येक वेळी थांबत, फांदी जागेवर गेली हे वळून पाहत आणि मगच पुढे जात. पांदणीवरचे बाकीचे शेतकरीही कॅरेटं उचलायला आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. त्यांच्या वाटेवर चाकोऱ्या पडल्या नव्हत्या, हे त्यांनी पाहिलं होतं.

शंकरराव लांब, सडकेच्या बाजूला, आमच्याकडे पाठ करून उभे होते. एकदा ट्रॉलीचं चाक हरभऱ्यावर गेलं. प्रकाशभाऊंनी गाडी बंद केली, खाली उतरले, आणि दबलेली रोपं हाताने उभी करत बसले. सगळी उभी राहिली नाहीत. शंकररावांनी वळून पाहिलं, आणि पुन्हा पाठ केली. अडवलं मात्र नाही.

दुपारी सुमनबाई चहाची किटली घेऊन आल्या. "पाव्हणीसाठी आणला," असं त्यांनी मोठ्याने सांगितलं. पण सोबत कपांची चळत होती. प्रकाशभाऊंच्या हातात कप देताना त्या दुसरीकडे पाहत होत्या आणि प्रकाशभाऊ मातीकडे. चहा मात्र दोघांनाही हवा होता असं दिसलं.

त्या फांद्या ओढता ओढता मला अकोल्याच्या मुलीचं उत्तर सापडत गेलं. पोरी, पाळणारे येडे नसतात गं. त्यांना उद्याही याच धुऱ्यावर राहायचं असतं. वर कोणी नाही म्हणूनच प्रत्येक खेपेला एकमेकांना सांगावं लागतं, की हे तुझं आहे आणि मी नुसता जातोय. सांगणं थांबलं की भांडण सुरू होतं, आणि जगात ते थांबलेलं आपण रोज पाहतो. पण जिथे ते चालू असतं तिथे टीव्हीवाले जात नाहीत. मला हे व्याख्यानात सांगता आलं नव्हतं, आणि आता सांगायला ती समोर नव्हती. तायडे सरांना मात्र मी त्या संध्याकाळी फोन केला आणि तिचं नाव विचारून घेतलं.

शेवटची ट्रॉली दिवस मावळायच्या बेताला गेली. पडलेली फळं गेली, ती गेलीच. पण झाडावरचा माल सडकेला लागला आणि ट्रक भरून निघाला. विजया धुऱ्यावर बसून रडली, मग रडता रडता मला संत्रं सोलून दिलं. त्याच्यासारखं संत्रं मी पुन्हा खाईन असं वाटत नाही.

शेवटच्या काट्या प्रकाशभाऊंनी स्वतः लावल्या. फांद्या नीट रचल्या आणि वरून तार घेऊन त्या खुंटाला बांधायला लागले. पिळावर पीळ देत होते, कोणी बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. पलीकडून शंकरराव आले. मी विजयाचा हात धरला. धुऱ्याच्या त्या बाजूला ते उभे राहिले आणि तार आवळली जाताना पाहत राहिले.

"पका," ते म्हणाले. हे प्रकाशभाऊंचं लहानपणचं नाव असावं, कारण विजयाने माझ्या हातावर नखं रोवली. "एवढी आवळू नोको तार. फाल्गुनात मृगाचा माल निंगन ना तुहा."

प्रकाशभाऊंचा हात थांबला. त्यांनी वर पाहिलं नाही. मग बोटांनी चाचपत, एकेक करून, तारेचे दोन पीळ उलगडले, आणि काट्या होत्या तिथेच राहू दिल्या.